पुस्तकात नसलेले चौथे कडवे

हे लिहिणारी शिवकांता आणि प्रेमदास नरसिंग यांची ओळख वाटीभर खळीवरून झाली, हे सुरुवातीलाच नमूद करणे योग्य होईल. सन १९७८ मध्ये शिवकांता देगलूरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन उदगीरला आली. चर्चच्या मागच्या बोळात तिच्या नवऱ्याच्या दोन खोल्या होत्या. नवरा गवंडीकाम करीत असे. तिसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या ओट्यावर एक उंच, सावळा माणूस पेटी उघडून बसलेला तिला दिसला. पेटीचा भाता त्याने मांडीवर घेतला होता आणि भात्याला बोट जाईल एवढे भोक पडले होते. त्याची बायको दीनाबाई बोळ ओलांडून दारात आली.

"नवरीबाई, कणकेची खळ करून देतीस का गं वाटीभर? आमच्यात आज ज्वारीच हाय, आन् ज्वारीच्या खळीनं ह्यांचा भाता चिकटत न्हाई."

शिवकांताने खळ करून नेली. त्या माणसाने बोटाने खळ चाचपली आणि मान वर न करता म्हटले, "लई घट्ट केलीस पोरी. पन चालंल. फाटलेल्याला घट्टच लागतंय."

दीनाबाई हसली. "ऐक. आल्या आल्या बोलून घेतलं का न्हाई? दीड वर्सानं एकदा गोड बोलत्यात. तवर दम धर."

त्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. वस्तुतः ते मास्तर नव्हते. ते उदगीरच्या एका शाळेत चपराशी होते. घंटा वाजवणे, हजेरीची पुस्तके वर्गावर्गात नेणे, फळे पुसणे ही त्यांची कामे होती. मास्तर ही पदवी त्यांना चर्चच्या मंडळीने दिली होती, ती पेटीमुळे. रविवारच्या उपासनेत ते बावन्न वर्षे पेटी वाजवत होते. या बावन्न वर्षांत त्यांचे फक्त चार रविवार चुकले. त्यांपैकी दोन मुलींच्या बाळंतपणांचे होते, एक आईच्या मातीचा होता आणि एकदा एसटी बंद पडल्यामुळे ते अहमदपूरला अडकले होते. त्या एसटीचा राग मात्र त्यांनी पुढे तीस वर्षे धरला.

मास्तरांचा जन्म नांदेड जिल्ह्यात, देगलूरच्या पलीकडे, तेलंगणाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात झाला. वडील नरसिंग हे गावचे हलगीवाले. लग्न असो, मयत असो, हलगी त्यांचीच. घराने ख्रिस्ताचा स्वीकार केल्यावर हलगी खुंटीला टांगली गेली, पण हाताचा ताल काही खुंटीला टांगता येत नाही. तो मुलाच्या हातात उतरला. मडिवाळप्पा नावाचे एक भजनी बुवा होते, त्यांनी या मुलाला पेटी शिकवली. मुलगा ओट्याच्या खाली उभा राही आणि बुवा ओट्यावर बसून वाजवत. सहा महिने त्याने पेटीला हात न लावता, नुसते पाहून सूर पाठ केले. सातव्या महिन्यात बुवांनीच म्हटले, "वर ये रे. किती दिवस खालून बघशील?" हे मास्तर स्वतः कधी सांगत नसत. हे दीनाबाईने सांगितलेले आहे.

आमच्या मंडळीत तेव्हा वाचता येणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यामुळे गीत म्हणण्याची एक रीत पडली होती. मास्तर पेटीवर सूर देत, एक ओळ मोठ्याने म्हणत, आणि सगळी मंडळी ती ओळ मागे म्हणत असे. मग दुसरी ओळ, मग तिसरी. अशा रीतीने दोन पिढ्यांनी दीडशे गीते तोंडपाठ केली. पुस्तक मास्तरांच्या पेटीवर उघडे असे. ते पाहण्याची गरज कोणालाच नव्हती.

घरीही त्यांची पेटी सुटली नव्हती. पाच मुली झाल्या. पाचही शिकल्या. त्यांच्यातली सर्वांत धाकटी सुवार्ता नांदेडला परिचारिका झाली. दीनाबाईला पुढे अर्धांगवायू झाला आणि ती अकरा वर्षे खाटेवर होती. त्या अकरा वर्षांत मास्तर रोज शाळेतून येऊन तिचे अंग पुसत, तिला भाकरी दुधात कुस्करून भरवत आणि मग पेटी ओट्यावरून खाटेजवळ नेऊन एक गीत वाजवत. दीनाबाईला नीट बोलता येत नसे, पण गीत चुकले की ती उजव्या हाताने खाट आपटत असे. "बघा," मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "अर्धी राहिली तरी चूक काढायची सवय पुरी हाय."

आता जे सांगायचे आहे, ते लिहिताना शिवकांताचा हात जड होतो. तथापि ते न लिहिता मास्तरांविषयी लिहिणे म्हणजे खोटी साक्ष देणे होईल.

सन १९८० मध्ये शिवकांताला पहिली मुलगी झाली आणि नवव्या दिवशी ती गेली. बाळाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, नावही ठेवलेले नव्हते. त्या आठवड्यात चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, परगावी होते. एवढ्याशा जिवासाठी कोण थांबणार? चार माणसे निघाली. मास्तरांनी शाळेतून सुट्टी घेतली आणि फावडे खांद्यावर घेऊन ते पुढे चालले. शिवकांता ओली बाळंतीण. तिला जाता आले नाही. पण दफनभूमीची भिंत बोळाच्या टोकालाच आहे. खाटेवर पडल्या पडल्या तिला मास्तरांचा आवाज ऐकू आला. मातीच्या वेळचे ठरलेले गीत त्यांनी म्हटले. तीन कडवी झाली, आणि मग हे चौथे:

वढ्याच्या काठी निजली लेकरं, दगड न्हाई उशाला,
नाव तेंचं कुनी न लिवलं, ठावं एका येशूला;
पहाट झाल्या हाक मार रे एकेकाच्या नावाला,
उभी हाय मी काठावरती तुझा सबुद ऐकायाला.

त्या चार ओळींनी शिवकांताला खाटेवरून उठवले, असे म्हटले तर ते अतिशयोक्त नाही. पुढे हे कडवे मंडळीत प्रत्येकाच्या मातीला म्हटले जाऊ लागले. लेकरू असो की म्हातारे, लोकच म्हणायचे, "मास्तर, वढ्याचं म्हना." ते गीताचाच भाग आहे, असे सर्वांनी धरून चालले होते.

वर्षे गेली. शिवकांताचा नवरा वारला. मुलगे कामाला लागले. सन २०२२ मध्ये चर्चच्या व्हरांड्यात प्रौढांचा साक्षरता वर्ग सुरू झाला. शिकवायला बुद्धप्रिया नावाची कॉलेजात जाणारी मुलगी येत असे. मोठी कडक पण गोड मुलगी. शिवकांताने बासष्टाव्या वर्षी पाटी हातात धरली. बुद्धप्रियाचा एक धडा सर्वांच्या तोंडी बसला होता: "मावशी, कुणी सांगितलं म्हणून अंगठा द्यायचा नाही. कागदावर काय लिहिलंय ते बोट ठेवून वाचायचं. जे लिहिलेलं नाही, ते मान्य करायचं नाही." तो धडा रेशनच्या दुकानासाठी आणि तलाठ्याच्या कचेरीसाठी होता. तेथे तो उपयोगीही पडला.

पुढच्या वर्षी परीक्षा झाली, शिवकांता उत्तीर्ण झाली. मंडळीच्या नव्या पाळकसाहेबांनी तिला सर्वांसमोर गीतांचे पुस्तक बक्षीस दिले. म्हण आहे की अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊ नये. शिवकांता त्या पुस्तकाने डोक्यापासून टाचेपर्यंत पिवळी झाली. पाणी भरायला जातानाही ती ते पुस्तक काखेत घेऊन जाऊ लागली.

पावसाळ्यात मंडळीतले एक वृद्ध वारले. दफनभूमीत मास्तर ओळी सांगत होते. शिवकांता मात्र मागे म्हणत नव्हती. ती पुस्तक उघडून बोट ठेवून वाचत होती. पहिले कडवे बरोबर. दुसरे बरोबर. तिसरे बरोबर. मग मास्तरांनी चौथे सुरू केले, आणि तिच्या बोटाखाली कोरा कागद आला. तिने पान उलटले. दुसरेच गीत होते. तिने पान पुन्हा मागे केले. तेथे तीनच होती.

त्यानंतरच्या रविवारी उपासनेनंतर मंडळीची बैठक होती. छताच्या पत्र्यांविषयी बोलणे झाले आणि पाळकसाहेबांनी विचारले, "आणखी कुणाला काही मांडायचं आहे का?"

शिवकांता उभी राहिली. बैठकीत ती पूर्वी कधी उभी राहिली नव्हती.

"मातीच्या गीताचं चौथं कडवं पुस्तकात न्हाई. मी बोट ठेवून वाचलंय."

पाळकसाहेबांनी पुस्तक पाहिले. "खरं आहे. तीनच आहेत."

"अगं बया!" दानम्माकाकू म्हणाल्या. काकू मंडळीत सर्वांत वडील. "मंग इतकी वर्सं आमी काय म्हनून राहिलो?"

"मास्तर पदरचं म्हनून राहिलेत," शिवकांता म्हणाली, "आन् आपन त्येंच्या मागं."

मागच्या सतरंजीवर कोणीतरी हसले. त्या हसण्याचे शिवकांताला बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

"मास्तर," पाळकसाहेबांनी आदराने विचारले, "हे कडवं कुठून आलं?"

मास्तर पेटीमागून उठले. ऐंशी वर्षांचा माणूस, पण शाळेत उशिरा आल्याबद्दल उभे केलेल्या विद्यार्थ्यासारखे दोन्ही हात बाजूला सोडून उभे राहिले.

"माझ्या आईचं हाय साहेब. गौरम्माचं. तिला लिवता येत नव्हतं."

"वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण उपासनेत छापलेलं, वडीलधाऱ्यांनी तपासलेलं तेच असावं. नाहीतर उद्या कुणीही काहीही घालील."

"हाव साहेब. चुकलंच माझं. देवाच्या घरात घरचं घातलं."

एवढे बोलून ते खाली बसले आणि पेटीचा भाता बंद केला. भाता बंद करताना त्याने जो उसासा टाकला, तो सगळ्या चर्चमध्ये ऐकू गेला.

शिवकांता दुपारी घरी आली. आनंदाने तिने पुस्तक पुन्हा उघडले आणि तेच गीत मोठ्याने वाचू लागली. तिसरे कडवे संपले. बोट थांबले, पण तोंड थांबले नाही. तोंड आपोआप पुढे गेले: वढ्याच्या काठी निजली लेकरं. आणि दुसऱ्या ओळीवर ती खाटेवर पडलेली वीस वर्षांची बाळंतीण झाली. भिंतीपलीकडे एकट्या माणसाचा आवाज, आणि फावड्याने माती ओढल्याचा आवाज. ज्या माणसाने तिच्या बिननावाच्या लेकराला एवढे चार शब्द दिले, त्या माणसाला तिने सर्वांसमोर खोटे पाडले होते. आणि पाडले कशासाठी, तर आपल्याला वाचता येते हे लोकांना कळावे म्हणून.

धरणीने पोटात घ्यावे असे तिला झाले. पण समोरच्या ओट्यापर्यंतची आठ पावले ती चालू शकली नाही. पुढच्या मातीला मास्तरांनी तीन कडवी म्हटली आणि ते थांबले. मंडळी चौथ्यासाठी तोंड उघडून तशीच उभी राहिली. नाताळ झाल्यावर, बोटे आखडतात असे सांगून, त्यांनी पेटी सोडली. शिवकांता बोळाच्या दुसऱ्या तोंडाने ये-जा करू लागली. तरी कधी समोरासमोर गाठ पडलीच, तर मास्तरच आधी हात कपाळाला लावीत, "सलाम शिवकांताबाई." पूर्वी ते तिला पोरी म्हणत.

सन २०२४ च्या फेब्रुवारीत मास्तरांना धाप लागू लागली आणि सुवार्ता त्यांना नांदेडला आपल्या घरी घेऊन गेली. आता नाही तर कधीच नाही, हे शिवकांताला कळून चुकले. ती आधी पाळकसाहेबांकडे गेली आणि आपल्या मुलीच्या मातीची गोष्ट त्यांना सांगितली. पाळकसाहेब म्हणाले, "मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. म्हणा ते कडवं, मावशी. माझी हरकत नाही."

हा निरोप घेऊन ती उदगीरच्या बसस्थानकावर गेली. गाडीवरची "नांदेड" ही पाटी तिने स्वतः वाचली. कोणाला विचारावे लागले नाही. त्याचा तिला काहीही आनंद झाला नाही.

मास्तर खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसले होते. अंग अर्धे झाले होते. सुवार्ताने सांगितले, "बाबा, शिवकांतामावशी आल्यात."

"कोन? बोटवाली?" मास्तर म्हणाले. "पुस्तक आनलंय का? माझं काय काय तपासायचं राहिलंय ते बघून घे म्हनावं."

सुवार्ता हसत चहा ठेवायला आत गेली. शिवकांताला हसता आले नाही. ती खाटेजवळ जमिनीवर बसली.

"मास्तर, माझं चुकलं. माझ्या लेकराला तुमी त्ये म्हनलं व्हतं. आन् मीच उठून..."

"नऊ दिवसांची व्हती," मास्तर म्हणाले. "तुझ्या नवऱ्यानं पिवळ्या फडक्यात गुंडाळली व्हती. ध्यानात हाय माझ्या."

मग त्यांनी थांबत थांबत, श्वास घेत घेत सांगितले. ते सहा-सात वर्षांचे असताना गावात पटकीची साथ आली. तीन दिवसांत त्यांचा भाऊ आणि बहीण गेली. गावाने मातीला जागा दिली नाही, म्हणून नरसिंगने दोघांना ओढ्याच्या काठी पुरले. पुढच्या पावसाळ्यात ओढ्याने काठच नेला. गौरम्मा रोज पहाटे पाण्याला जाताना तेथे थांबायची आणि त्या चार ओळी म्हणायची. मास्तर तिचा पदर धरून उभे असत.

"मंग बैठकीत हे का सांगितलं न्हाई तुमी?"

"कसं सांगू? लाज वाटली. चाळीस वर्सं मी चोरून आईला देवाच्या गाण्यात बसवलं. सांगितलं असतं तर लोकं म्हनले असते, हलगीवाल्याच्या बायकोचं गानं आमच्याकडून म्हनून घेतलं. तू उठलीस तवा मला वाटलं, सापडलो एकदाचा."

"पाळकसाहेब म्हनलेत, परत म्हना. मी समदं सांगितलं त्यास्नी."

"बरं केलंस."

"मास्तर, मला माफ केलं म्हना."

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "माफी कशाची? तू वाचलंस त्ये खरंच वाचलंस. तीनच हायत."

शिवकांताला वाटले होते की ते रागावतील, नाहीतर रडतील. या दोन्हींसाठी ती मनाची तयारी करून आली होती. हे उत्तर तिला सोसवले नाही. चहा पिऊन ती निघाली, तेव्हा सुवार्ता शेजारी गेली होती. मास्तरांनी पाणी मागितले, ते पिऊन पेला परत दिला आणि तिच्याकडे एक मागणे केले. तिने हो म्हटले.

एप्रिलमध्ये मास्तर गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना उदगीरला आणले. इतकी माणसे आली की दफनभूमीच्या फाटकाबाहेरही लोक उभे होते. मास्तरांच्या शाळेत शिकलेले, त्यांच्या घंटेवर उठलेबसलेले, किती तरी. पाळकसाहेबांनी सर्वांना सांगितले, "आज चारही कडवी म्हणायची आहेत," आणि पुस्तक शिवकांताच्या हाती देऊन ओळी सांगायला तिला पुढे उभे केले. त्यांचा हेतू चांगला होता. झालेली चूक तिच्याच तोंडून सुधारावी, एवढेच त्यांच्या मनात होते.

तिने ओळ सांगितली, मंडळीने म्हटली. एक कडवे झाले, दोन झाली, तीन झाली. तिने पुस्तक मिटले.

लोक थांबले. पाळकसाहेबांनी हळूच म्हटले, "मावशी, चौथं."

तिने पुस्तक पाळकसाहेबांच्या हाती परत दिले.

"म्हन की गं!" दानम्माकाकू सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "त्येंच्याच आईचं हाय. मेल्यावर तरी सोड त्यास्नी. अजून भागलं न्हाई का तुझं?"

मागे दोघातिघांनी स्वतःहून सुरू केले, पण पेटी नव्हती, पुढे सांगणारे कोणी नव्हते. आवाज दुसऱ्या ओळीतच विरला. मग माती लोटली गेली. सुवार्ताने शिवकांताकडे एकदा पाहिले आणि मान फिरवली. परत येताना बोळात तिच्याबरोबर कोणी चालले नाही.

ती तेथेच सांगू शकली असती. पण सांगताना रडू आले असते, आणि रडणाऱ्या म्हाताऱ्या बाईला लोक लगेच क्षमा करतात. मास्तरांच्या कबरीवर उभे राहून ती क्षमा घेणे तिला चोरी वाटली. म्हणून, जी अक्षरे तिने त्यांच्याविरुद्ध वापरली, त्याच अक्षरांत तिने हे लिहून मंडळीपुढे ठेवले आहे. चौथे कडवे इतरांच्या मातीला अवश्य म्हणावे. मास्तरांनी ते मागणे प्रेमाने केले की बैठकीतली शरम त्यांच्या मनातून गेलीच नव्हती म्हणून केले, हे शिवकांताला आजही ठरवता आलेले नाही. त्यांचे शब्द मात्र तिने बदललेले नाहीत.

"आईनं त्ये ज्येंची नावं कुठंच लिवली न्हाईत तेंच्यासाठी केलं व्हतं," ते म्हणाले होते. "माझं नाव शाळेच्या दप्तरात हाय, मंडळीच्या वहीत हाय, आधारावर हाय. पोरी, माझ्या मातीला तीनच म्हन."